सोळा पावलं गप्प

३ नोव्हें. १९९६, रवि.

गुडघ्याला तेल लावत बसले होते, तेवढ्यात नंदू आला. दादाचा हा मुलगा कंपनीचं ट्रेनिंग संपवून जर्मनीहून परत आला, तो एक बॅग कपड्यांची आणि दोन कॅसेटच्या घेऊन. आता बारामतीत बँड काढायचा म्हणतो. सोल आणि फंक. सोल म्हणजे आत्मा, एवढं कॉन्व्हेंटात शिकले. फंक म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना. टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. चहा सांडला.

बास गिटार तो स्वतः. ड्रमवर कंपनीतला मित्र. गायला वैशाली, पाटबंधारे खात्यात टायपिस्ट आहे, गळा खरोखर गोड. "आणि हॉर्न सेक्शन पाहिजे, आत्या. फुंकणारे तिघं. त्यांच्याशिवाय नुसता सांगाडा." ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. इंदापूरच्या लग्नाच्या बँडमधले तिघं त्याने ठरवूनही टाकलेत. फेब्रुवारीच्या ९ तारखेला कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम, त्यात आमचं एक गाणं. मी कीबोर्ड वाजवायचा आणि त्या तिघांच्या ओळी लिहून द्यायच्या.

"अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, नंदू."

"मग बारामतीत दुसरं कोण आहे लिहून देणारं?"

विनायक गेला, संसार संपला, तेव्हापासून पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. चार वर्षं. आज उघडलं. तीन पट्ट्या दबत नाहीत. उंदीर असावा.

दमले. हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. बहुतेक म्हणाले.

१७ नोव्हें., रवि.

तिघं साडेदहाच्या एसटीने आले. चपला फाटकापाशी काढून रांगेत उभे. आबा ट्रंपेटवाले, बँडचे पुढारी, माझ्याच वयाचे, पळसदेवचे. हुसेनभाई सॅक्सोफोन. तिसरा शंकर, त्याच्याकडे ट्रॉम्बोन नाही, युफोनियम आहे, पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य. नंदू हिरमुसला. आबा म्हणाले, "खालचा आवाज पायजे ना? ह्यो म्हशीवानी हंबरतोय. चालंल."

खुर्च्या दिल्या तर बसेनात. बसून वाजवायची सवय नाही म्हणे. आम्ही बसलेलो, ते उभे.

तिघांना सा रे ग म मध्ये वेगवेगळं लिहून दिलं होतं. तिघांनीही कागद कपाळाला लावला. मग वाजवलं. देवा रे. मांजर माळ्यावर पळालं ते चारपर्यंत खाली आलं नाही.

माझंच काहीतरी चुकलंय.

२४ नोव्हें., रवि.

पुन्हा तेच. आठवडाभर सगळं नव्याने लिहिलं, पाठ धरली, तरी तीन गाड्या तीन रस्त्यांनी. ते बिचारे इमानाने वाजवतात, घाम पुसतात, माझ्याकडे बघतात.

"कुठे चुकतंय?" मी.

"नाही बाई, छान आहे की," हुसेनभाई.

नंदूचा चेहरा बघवेना. तिन्हीसांजेला पियानोशी नुसतीच बसले. या वयात हे कशाला ओढवून घेतलं.

१ डिसें., रवि.

उलगडलं! चहा देता देता आबांना सहज म्हटलं, नुसता सा वाजवा. वाजवला. मी पियानोवर माझा सा दाबला. वेगळाच. हुसेनभाईंचा तिसरा. प्रत्येक वाद्याचा सा आपापल्या जागेवर. पियानोला सा एकच, कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अगाथांनी पहिल्या दिवशी बोट ठेवून दाखवला तो. पितळेचं वेगळं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की," आबा म्हणाले. "पयल्याच दिशी."

"मग बोलला का नाहीत?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. "बाईंनी लिवलंय म्हणल्यावर आमी कसं न्हाय म्हणावं?"

लग्नात हेच लोक न सांगता एकमेकांशी जुळवून घेतात. माझ्या कागदाने सगळं बिघडवलं. दोन रविवार तिघांनी केवळ माझ्या मानाखातर बेसूर वाजवलं. हसू आलं, आणि मग डोळे पुसावे लागले.

नियम करून टाकला: बाईंचं चुकलं की ज्याला कळेल त्याने वाद्यावर टिचकी मारायची. शंकरने तिथल्या तिथे मारली.

"आता काय चुकलं?"

"बाई, च्यात साखर न्हाय."

८ डिसें., रवि.

सूर जुळले. आता दुसरं दुखणं. गप्प राहता येत नाही. नंदूच्या कॅसेटमध्ये हे फुंकणारे बराच वेळ गप्पच असतात. मग अचानक तिघं मिळून एक फटका, की परत गप्प. माझ्या कागदावर मोकळ्या मात्रा आहेत. हे त्या मोकळ्या ठेवतच नाहीत. वैशाली गायला लागली की तिघंही तिचीच चाल धरतात, एकत्र, पूर्ण जोराने.

आबांनी समजावून सांगितलं, मलाच. "वरातीत बँड थांबला की येजमान आंगावर येतो, बाई. नवरा घोड्यावरनं वाकून बघतो, काय झालं म्हून. गप ऱ्हायचं म्हंजी काय तरी इपरीत घडलंय."

मग सुचलं. हे लोक चालत वाजवतात, तर चालू दे. फाटकापासून तुळशीपर्यंत मोजून सोळा पावलं होतात. सोळा पावलं गप्प चालायचं, तुळशीपाशी फटका. चौथ्या फेरीला असा काही पडला की नंदू ओरडलाच. पुढच्या वेळी पावलं जागच्या जागी टाकायची.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "कुणाची वरात हो?"

"निघालीया," आबा म्हणाले. "नवरा तेवढा यायचाय."

किती दिवसांनी घरात इतकी माणसं हसली.

१२ डिसें., गुरु.

कळंबला लग्न. विनायकच्या हाताखाली काम करायचे त्यांच्या मुलीचं, जायलाच हवं होतं. एसटीत उभं राहून कंबर गेली. नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघाला आणि बघते तर बँड आपलाच. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. आबा सगळ्यांच्या पुढे. कौतुकाने अगदी शेजारून चालले.

आबांचा आवाज आता मी ओळखते. चाल वर गेली आणि तो आवाज आलाच नाही. गाल फुगलेले, बोटं बरोबर पडतायत, ट्रंपेट आभाळाकडे, आणि आवाज नाही. अर्धं पाऊल मागे हुसेनभाई, मान खाली घालून, आबांची ओळ सॅक्सोफोनवर वाजवत होते. चाल खाली उतरली की आबा पुन्हा स्वतः. त्या गलक्यात कुणाला कळणार?

दोन गाणी तशीच बघितली. जेवण गेलं नाही. जिलबी रुमालात बांधून आणली, ती मुंग्यांनी खाल्ली.

१५ डिसें., रवि.

तालमीआधी हुसेनभाईंना मागच्या दारी गाठलं. आधी नाही नाही. मग म्हणाले, "पुढचे दोन दात हलतात, बाई. वर्ष झालं. ट्रंपेट ओठावर दाबला की कळ पार डोक्यात जाते त्यांच्या. आम्ही कुणी बोलत नाही. सॅक्सोफोन हातात कसा धरायचा ते आबांनी शिकवलं मला. आज मी त्यांचं वाजवतो. उद्या माझा दम गेला की शंकर माझं वाजवेल. बँडमध्ये असंच चालतं."

म्हणून सगळे एकच चाल वाजवतात. आणि मी महिनाभर ती मोडत होते. एकेकाला वेगळी ओळ दिली, मध्ये मोकळी जागा ठेवली. आता आबांचा सूर आला नाही तर तो झाकायला शेजारी कुणी नाही.

तालमीत 'हवा गेली जरा' म्हणत आबा ट्रंपेट पुसत राहायचे, ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

२२ डिसें., रवि.

सगळं गाणं एक सूर खाली उतरवलं. "कागद खराब झाले होते, नवे लिहिले," एवढंच सांगितलं. आबांनी वाजवून पाहिलं. माझ्याकडे बघितलं. टिचकी मारली नाही.

२९ डिसें., रवि.

आणखी अर्धा सूर खाली. हिवाळ्याचं ऊन छान होतं, पण मला कशातच ऊब वाटेना.

५ जाने. १९९७, रवि.

वैशाली शेवटी बोललीच. "काकू, गाणं इतकं खाली गेलंय, मी गातेय की घसा साफ करतेय तेच कळत नाही." हसून म्हणाली, पण खरं होतं.

नंदूने जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले. "कुणासाठी, आत्या?" मी कागद गोळा करायला लागले. तो काही मूर्ख नाही. तिघं एसटीला गेल्यावर म्हणाला, "मी आणून ठेवलेल्या कीबोर्डला ट्रंपेटचं बटण आहे. वरची ओळ तू वाजव. आबा नुसते उभे राहू देत. लोकांना ते दिसतील, तेवढं पुरे."

मनात वाईट आणून म्हणाला नाही. लग्नांतही आता तेच चाललंय, एक कीबोर्डवाला आणि दोन भोंगे. तो गेल्यावर ते बटण दाबून पाहिलं. हुबेहूब ट्रंपेट. दमत नाही, दुखत नाही. पटकन बंद केलं, कुणी ऐकेल म्हणून.

७ जाने., मंगळ.

रविवार नसताना आबा दारात. पाणी दिलं, तेही घेईनात.

"बाई, तुमी गाणं खाली खाली नेताय. कुठवर नेणार? हिरीत?"

पदर सारखा केला, चपला घातल्या, रिक्षा बोलावली आणि त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वाटेत आबा बोलत होते, बहुधा भीती वाटत होती म्हणून. वडिलांकडे मेंढरं होती. तोंडात दोन बोटं घालून शीळ घालायचे, की नदीपल्याडचा कुत्रा कान टवकारायचा. "मला काय शीळ जमली न्हाय. बा म्हणायचा, ह्येच्या तोंडात वाराच न्हाय. म्हून हट्टानं ह्यो पितळ धरला." ज्या माळावर मेंढरं चरायची तो आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही काढावे लागतील, आतून पू झालाय. आबा म्हणाले, नऊ तारखेनंतर काढा. डॉक्टर म्हणाले, तोवर जबडा सुजेल. हिरड्या भरायला तीन-चार महिने, मग कवळी.

"मग ट्रंपेट?" मी विचारलं.

"आजोबा, आता आराम करा की," डॉक्टर म्हणाले. चांगला मुलगा आहे. पण त्याला काय माहीत.

आजच काढले. येताना आबा कापसाचा बोळा दाताखाली धरून रिक्षातून बाहेर बघत होते. एसटीत बसवून दिलं. हात हलवला. मी घरी येऊन आडवी झाले ती दिवे लागेपर्यंत.

१२ जाने., रवि.

वाटलं होतं येणार नाहीत. आले. पौष लागलाय, लग्नं नाहीत, तिघंही मोकळे.

मी तोडगा काढून ठेवला होता: तिघांना एकच ओळ. आबांचा सूर झाकायला हुसेनभाई आहेतच. आबा मध्ये उभे राहतील, वरातीसारखे. नंदू म्हणाला, "मग हा हॉर्न सेक्शन कसला, आत्या? वरातच झाली की." मी त्याच्यावर चिडले, सगळ्यांसमोर.

"बाई," आबा म्हणाले. बोलताना आता वारा निसटतो. "नगा भांडू. वरीसभर ह्या हुसेनच्या आडोशाला वाजवलं. त्यो बी थकला आसंल."

"मी कशाला थकतो?" हुसेनभाई.

"गप रं. तुमी आमाला हितं सुटं सुटं केलं, बाई, तवा लई दिसांनी मला माजा आवाज ऐकू आला. फुटका का हुईना. लबाडी नगं आता. एकच सूर द्या मला. खालचा द्या. पर माज्या एकट्याचा द्या."

"आणि नाही आला तर, आबा?" नंदूने विचारलं. हळूच, पण विचारलं.

"तर न्हाय आला."

शंकर युफोनियमची नळी पुसत राहिला, पुसून झालेलीच.

१३ जाने., सोम.

लिहिलं. गाणं परत वैशालीच्या सुरात नेलं. वरची ओळ हुसेनभाईंना दिली, त्यांची म्हणून. शेवटाकडे सगळेच थांबतात. गाणं नाही, ड्रम नाही, काही नाही. सोळा पावलं. मग आबांचा एक सूर, खाली काही आधार नसलेला. तो आला की सगळे मिळून शेवट.

सोपं आहे. इतकं सोपं लिहायला सकाळपासून बसले होते.

१९ जाने., रवि.

डॉक्टरांनी महिनाअखेरपर्यंत फुंकायचं नाही म्हणून सांगितलंय. आबा नुसतेच येतात. आम्ही वाजवतो तोवर अंगणात चालून पावलं मोजतात. सोळावं पाऊल तुळशीपाशी पडलं की थांबतात, हवेत नसलेला ट्रंपेट धरून. मग आम्ही शेवट वाजवतो. मध्ये जी जागा राहते तिच्यात वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली आज. सगळ्यात जोरात आबा हसले.

२ फेब्रु., रवि.

आज फुंकलं. ओठ आता वेगळ्या तऱ्हेने आवळावे लागतात, एका कडेने. पाच वेळा केलं. दोनदा आला, जाडसर, थोडा घोगरा, पण त्यांचाच. तीनदा नुसती हवा. सगळे थांबलेले असताना ती हवा ऐकणं फार कठीण जातं.

तिसऱ्यांदा हवा आली तेव्हा हुसेनभाईंची बोटं आपोआप हलली आणि अर्धा सूर निघालाही.

"हुसेन, हात खाली," आबा म्हणाले.

हुसेनभाई नळावर तोंड धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

जाताना नंदू मागे राहिला. "आत्या, ट्रंपेटच्या बटणावर बोट ठेवून बस. आला तर आला. नाही आला तर दाबून तू वाजव. कुणाला कळणार नाही."

"आबांना कळेल."

"त्यांना कळेल. पण चारशे लोकांसमोर त्यांची फजिती तरी होणार नाही. तू बघू शकशील ती?"

हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्याचं अगदीच चूक नाही, हेच तर.

५ फेब्रु., बुध.

गुडघा, पाणी दोन दिवस नाही, आणि डोक्यात तेच. बोट ठेवायचं की नाही.

सिस्टर अगाथा आठवल्या. मनगटाखाली फूटपट्टी धरून उभ्या असायच्या. मोकळी मात्रा आली तरी मी पट्टी दाबूनच धरायची, सोडायची भीती वाटायची. आवाज संपला की आपणच पडू अशी. त्या म्हणायच्या, "हात उचल. मांडीवर ठेव. पुढचं तुझं नाही." आठ वर्षांची होते. पन्नास वर्षं झाली, अजून दाबूनच धरते मी सगळं. विनायकचे सदरेसुद्धा अजून कपाटात आहेत.

९ फेब्रु., रवि. दुपारी

कार्यक्रम चारला. लवकर उठून आंघोळ, केस. मग औषधाच्या डब्यातून चिकटपट्टी काढली आणि ट्रंपेटच्या बटणावर लावली. एक सुटली, म्हणून दुसरी आडवी लावली.

नंदू कीबोर्ड न्यायला आला. पट्टी बघितली. माझ्याकडे बघितलं. कीबोर्ड चादरीत गुंडाळला, एखादं मूल गुंडाळावं तसा, आणि जीपमध्ये ठेवला.

सगळ्यांनी काळे शर्ट घालायचं ठरलं होतं. हुसेनभाई आणि शंकर तसे आले. आबा लाल कोटात, झालरीसकट. "काळ्या शर्टात मला मयताला आल्यावानी वाटतं," म्हणाले. नंदूने हात जोडले. वैशाली म्हणाली, असू दे, लांबून दिसतील तरी.

आबांनी सकाळी एसटी स्टँडच्या मागे जाऊन तीनदा वाजवलं म्हणे. आला का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सगळे जीपमध्ये बसलेत. नंदू हॉर्न देतोय. आबा तेवढे अजून अंगणात. ट्रंपेट काखेत, फाटकापासून तुळशीपर्यंत चालतायत. मी खिडकीतून मोजतेय. सोळावं पाऊल पडलं. थांबले. ट्रंपेट तोंडाला लावला नाही. मान वर करून खिडकीकडे बघितलं आणि हसले, तोंडातली ती रिकामी जागा न झाकता.